‘कनेक्टिव्हिटी’ म्हणजे जोडणी का?

प्रश्नकर्ती, इंदिरानगर: नगररचनेवरील एका लेखाचे मराठी करताना मी ‘स्ट्रीट कनेक्टिव्हिटी’साठी ‘रस्तेजोडणी’ लिहिले आणि ते वाचताक्षणी काकांनी खोडले. वीजजोडणी, नळजोडणी या शब्दांना सरावलेला वाचक त्यातून ‘गाव डांबरी रस्त्याने तालुक्याला जोडले’ एवढेच समजेल, असे त्यांचे म्हणणे आहे. लेखाचा विषय मात्र एका नाक्यावर किती रस्ते मिळतात आणि किती मध्येच संपतात, हा आहे. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल यांनी २०१५ साली अमेरिकेतील रस्त्यांचा शतकभराचा मागोवा प्रसिद्ध केला. नव्या रस्त्यांतील तुटकपणा तिथे १९९४ च्या सुमारास कळसाला पोचून पुढे उतरू लागला, असे त्यात दिसते. तुटकपणाच्या उलट काय म्हणावे? आणि लेखातल्या ‘स्प्रॉल’ला, म्हणजे शहराच्या विस्कळीत पसरण्याला, कोणता शब्द वापरावा?

वाचक, नाशिकरोड: ‘संलग्नता’ हा घडीव आणि शुद्ध शब्द असताना शोध कशाला?

प्रश्नकर्ती: संलग्न म्हणजे लागून असलेले. आमच्याकडे शेते बिनशेती होऊन शेजारी शेजारी पडलेले दोन ले-आउट अगदी संलग्न आहेत, पण मधे कुंपणाची भिंत असल्यामुळे पलीकडच्या घरी जायला मुख्य रस्त्यावरून वळसा घालावा लागतो, आणि सगळ्यांच्याच गाड्या त्या एका रस्त्यावर येतात.

वाचक, पंचवटी: माझे आजोळ जुन्या नाशकातले. वाड्याच्या पुढच्या दाराने एका बोळात आणि मागच्या दाराने दुसऱ्या बोळात जाता येई. अनोळखी वाट दिसली की आजी विचारायची, “हा बोळ कुठे निघतो?” आज पाथर्डी फाट्याकडे रिक्षावालाही “रस्ता पुढे निघतो का?” असेच विचारतो. पुढे वाडा पडून तिथे इमारत उभी राहिली, बोळ मात्र तोच राहिला. म्हणून सुरुवातीलाच न निघणारा आखलेला रस्ता पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहतो. माझ्या मते ‘निघणे’ हाच खरा शब्द आहे.

वाचक, नाशिकरोड: क्रियापदावर परिभाषा उभी राहत नाही. ‘रस्त्यांचे निघतेपण’ असे कोण लिहील?

वाचक, पंचवटी: तिठा, चव्हाटा हे शब्द कोणत्या समितीने घडवले होते? आपला तिवंधा चौक घ्या; तीन वाटांचा बंध तो तिवंधा, असे वडील सांगत.

वाचक, सातपूर: ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण ‘बंध’ शब्दातला ब इथे व कसा झाला, हे आधी दाखवावे लागेल. शिवाय मूळ प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग राहूनच गेला. ‘स्प्रॉल’ला ‘विस्तार’ म्हणू नये. १९८२ साली महापालिका झाल्यानंतर नाशिक विस्तारले, हे नुसते वर्णन झाले. ‘पसारा’ म्हटले की नीट मांडणी न करता पसरल्याची तक्रारही त्यात येते.

वाचक, नाशिकरोड: पसारा घरात असतो. शास्त्रीय लेखात ‘अनियोजित विस्तार’ असेच हवे.

प्रश्नकर्ती: पण हे ले-आउट रीतसर मंजूर आहेत, त्यामुळे त्यांना अनियोजित म्हणता येत नाही. प्रत्येकाचा नकाशा स्वतंत्रपणे नीट आहे आणि तरीही एकाचा रस्ता दुसऱ्यात निघत नाही. मजकुरात मी हेच वाक्य ठेवले आहे. मथळ्याची जागा अजून रिकामी आहे.

वाचक, पंचवटी: तिवंध्याचे जुने लेखन कुणाकडे असल्यास कृपया कळवावे.