मदत हवी आहे: मॅचच्या शनिवारी गाडी कुठे लावू?

कॅन्टनकर
या शनिवारी आई-बाबांना घेऊन मॅचला जातोय. तिकिटं आहेत, पार्किंगचं मात्र जमत नाहीये. अ‍ॅपवर जे दिसतं ते एकतर संपलंय नाहीतर अवाच्या सवा महाग. स्टेडियमच्या अगदी जवळ कुठे मिळेल? लवकर सांगा, आज रात्रीच बुक करायचंय.

सई_एन
कुठलं स्टेडियम? कॅन्टन मिशिगनमधलं की ओहायोतलं? मॅच किती वाजता?

कॅन्टनकर
सॉरी. अ‍ॅन आर्बर, बिग हाउस, म्हणजे मिशिगन युनिव्हर्सिटीचं अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम. दुपारी १२ ची.

निळापिवळा
पायोनियर हायस्कूल, डोळे झाकून. रस्ता ओलांडला की समोर स्टेडियम. आम्ही आठ सीझन तिथेच लावतोय. सकाळी आठला पोचायचं, डिकी उघडायची, पोह्यांचा डबा काढायचा. फक्त रात्री पाऊस झाला असेल तर हिरवळीवर जपून. गेल्या वर्षी आमचं मागचं चाक रुतलं. शेजारच्या गाडीतली चार पोरं न बोलावता धावत आली, ढकलून गाडी काढून दिली आणि गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून तशीच मॅचला गेली.

निवांत
आणि तिथून बाहेर पडायला किती वेळ लागतो तेही सांगा की. १,०७,६०१ क्षमतेचं स्टेडियम एकदम रिकामं होतं. त्यापेक्षा डाउनटाउनच्या गॅरेजमध्ये लावा आणि मेन स्ट्रीटने सरळ दक्षिणेला चालत या. अर्धा तास फार तर.

निळापिवळा
मॅचनंतर तासभर गाडीपाशी बसून चहा प्यायचा. घाई कशाला करायची?

निवांत
सगळ्यांना तासभर बसता येत नाही हो. आमच्या घरी तेव्हा तान्हं बाळ होतं.

हौशी_पंच
आई-बाबांना नियम आधी समजावून सांगा. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं, एवढं कळलं तरी मजा येते. १५ मिनिटांचे चार भाग म्हणजे तासाभराचा खेळ वाटतो, पण साडेतीन तास सहज जातात. हाफटाइमला बँड चुकवू नका.

कॅन्टनकर
धन्यवाद, पण मी पार्किंगचं विचारतोय. अर्धा तास चालणं शक्यच नाही. मार्चमध्ये बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झालीत, काठी घेऊन चालतात.

सई_एन
अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना!

लॉनवाला
मग पॉलीन किंवा हूवर रस्त्यावर एखाद्या घराच्या अंगणात लावा. पाट्या घेऊन लोक उभेच असतात. गाडी लवकर काढायची आहे हे आधीच सांगा, नाहीतर पुढे-मागे गाड्या लावून टाकतात आणि शेवटचा माणूस येईपर्यंत तुम्ही अडकता.

गहुंजेकर
गहुंजेला आयपीएलच्या वेळी एक्सप्रेसवेच्या कडेने चाललेलो आठवलं. वडील तेव्हा सत्तरीचे होते, पण हू की चू केलं नाही.

पल्लवी_टीसी
कॅन्टनकर, पार्किंगचं होईल काहीतरी, पायऱ्यांचं काय? हे स्टेडियम जमिनीत खोल आहे. बाहेरून बुटकं दिसतं, कारण बराचसा भाग खाली आहे. गेटमधून आत गेलात की खाली उतरायचं आणि मॅच संपल्यावर तेवढंच चढायचं. बाकाला पाठही नाही. माझ्या सासूबाईंना घेऊन गेलो तेव्हा हे कोणीच सांगितलं नव्हतं. वर येताना दर पाच-सहा पायऱ्यांवर थांबलो, मागची माणसं शांतपणे खोळंबली होती आणि त्या मात्र ओशाळून पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत होत्या. तुमची ओळ कितवी?
आणि गेटशी सोडून गाडी लावायला जाईन म्हणाल, तर स्टेडियमलगतचा मेन स्ट्रीट तीन तास आधी बंद होतो. म्हणजे नऊच्या आत पोचायला हवं.

कॅन्टनकर
ओळ १२.

पल्लवी_टीसी
म्हणजे जवळजवळ तळाशी. गाडी कुठेही लावलीत तरी त्या पायऱ्या टळणार नाहीत. तिकीट ऑफिसला फोन करून पायऱ्या नसलेल्या जागा बदलून मिळतात का ते विचारा. शुक्रवारपर्यंत थांबू नका.

निळापिवळा
तरी पायोनियर बुक करून ठेवा. एवढ्या जवळ दुसरं मिळणार नाही.

कॅन्टनकर
पायोनियरच बघतो, आठला पोचू. फोन उद्या उघडल्या उघडल्या करतो. बाबांना ओळीचं अजून सांगितलेलं नाही. कालच नवीन टोपी आणलीय त्यांनी.