राउटरवर नॅट आहे, मग फायरवॉल कशाला?

रानवाट: घरच्या राउटरवर नॅट असतंच, म्हणजे घरातले खाजगी पत्ते बदलून बाहेर एकच सार्वजनिक पत्ता दाखवणारी सोय. १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या घरातल्या खाजगी पत्त्यापर्यंत बाहेरचा कोणी पोचत नाही. तरी लोक फायरवॉलचे, म्हणजे कोणतं पॅकेट सोडायचं नि कोणतं अडवायचं याचे, नियम लिहीत बसतात. मी फक्त आयसीएमपी (नेटवर्कवरचे चाचणीचे नि अडचणीचे निरोप) पूर्ण बंद केलंय. तीन वर्षांत काही बिघडलेलं नाही.

चावडी६५: हे वाचून राहवलं नाही. नॅट पत्ता बदलतं, राखण करणं त्याचं काम नाही. बाहेरून आलेल्या पॅकेटची कनेक्शनच्या तक्त्यात नोंद नसेल, तर ते राउटरच्याच पदरात पडतं, कारण पत्ता त्याचाच असतो. इनपुट चेनमध्ये, म्हणजे खुद्द राउटरकडे येणाऱ्या पॅकेटच्या नियमांत, ड्रॉप (पॅकेट टाकून देणारा नियम) नसेल तर तुमचं अ‍ॅडमिन पान जगाला उघडं पडू शकतं. आणि आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) वर सहसा नॅट नसतंच. घरातल्या कॅमेऱ्यालाही सार्वजनिक पत्ता मिळतो. तिथे फॉरवर्ड चेनमधला (राउटरमधून पुढे जाणाऱ्या पॅकेटचा) नियम हाच काय तो दरवाजा.

पायवाट: नियम लिहायचा कुठे ते सांगा! माझ्याकडचा डबा इंटरनेटवाल्यांचा. अ‍ॅडमिन पासवर्ड मागितला तर "ग्राहकाला देत नाही". पैसे मी भरतो, किल्ली त्यांच्याकडे.

रानवाट: आयपीव्ही६ चं मान्य. माझ्याकडे ते चालू आहे हे आजच पाहिलं. पण आयसीएमपी बंदच हवं. पिंगला, म्हणजे 'आहेस का?' या हाकेला, उत्तर दिलं की घर सापडतं.

मीठभाकर: पिंग म्हणजेच सगळं आयसीएमपी नव्हे हो! ऑफिसला मेल जायची, फाइल चढवली की शून्यावर अडकायची. दोन रात्री मी केबल बदलत बसले. वाटेत एक टनेल होता, त्यातून १४०० बाइटपेक्षा मोठं पॅकेट जात नव्हतं. तिथला राउटर "पॅकेट मोठं आहे" असा निरोप परत पाठवत होता, आयसीएमपीचा प्रकार ३, कोड ४. माझा ड्रॉप तो गिळत होता. एस्टॅब्लिश्ड-रिलेटेडला (आधीच सुरू असलेल्या जोडणीच्या नि तिच्याशी संबंधित पॅकेटना) वाट देणारा नियम होता, पण ड्रॉपच्या खाली. नियम वरून खाली तपासले जातात. ड्रॉप आधी जुळला की पुढचं कोण बघतं?

रानवाट: तुमचं झालं म्हणून सगळ्यांचं होतं असं नाही.

चावडी६५: आणि तुमचं तीन वर्षं चाललं हा पुरावा? आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर मोठं पॅकेट तोडतच नाही, तो निरोपच पाठवतो. शेजाऱ्याचा पत्ता शोधणंही आयसीएमपीव्ही६ वरच चालतं. सरसकट बंद केलंत तर जोडणीच मरेल.

रानवाट: आवाज खाली घ्या. रिलेटेडचा नियम वर घेतलाय, आयपीव्ही६ ला फॉरवर्ड ड्रॉप लावलाय. पिंगला मात्र उत्तर देणार नाही.

मीठभाकर: नका देऊ. एको रिक्वेस्ट (पिंगची हाक) तेवढी अडवा, बाकीचं जाऊ द्या.

पायवाट: माझ्या पासवर्डचं कोणी बोलेल का?