३१५ बोअर रायफल घेताना फिनिश कशी तपासावी?

प्रश्न (परभणी): पीकसंरक्षणाचा परवाना मिळालाय. दुकानात ३१५ बोअर बघताना पॉलिश सोडून काय तपासू?

उत्तर (नांदेड): दादा, आधी मॅगझीन काढा, चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं आहे का बोटानं चाचपा. उघडा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) हलतोच, त्याला घाबरू नका. तेल पुसून दोन्ही लगांवर (बोल्ट अडकवून धरणाऱ्या उंचवट्यांवर) मार्कर लावा, बोल्ट चार-पाचदा बंद करा. शाई एकाच लगाची पुसली तर सगळा दाब तिथंच येतो, नेम बिघडतो. माझ्या मते अशी घेऊच नका.

उत्तर (बीड): नळीच्या तोंडाशी कापूस फिरवा; धागे अडकले तर कड खरबडीत आहे. सेफ्टी लावून ट्रिगर दाबा, सोडा, मग सेफ्टी काढा. तेव्हा खट्‌कन गोळीवर आपटणारी पिन सुटली तर ती रायफल धोकादायक, तिथंच ठेवा.

उत्तर (नांदेड): आणि नळी लाकडाला टेकते का हे बघायला मधे कागदी नोट सरकवायची युक्ती इथं वापरू नका. ३१५ ही जुन्या ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलीच्या वळणाची; त्यात लाकूड पुढं नळीला टेकणं हा दोष असेलच असं नाही.