लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलायचं आहे, कोणतं घेऊ?

अर्धवट_योगी
नमस्कार मंडळी. माझ्याकडे जरा जुना गेमिंग लॅपटॉप आहे. आय५-९३००एच प्रोसेसर, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स (४ जीबी), ८ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी, शिवाय २.५ इंची डिस्कची एक जागा रिकामी. सायबरपंक हा गेम लो सेटिंगवर ठेवला तरी गर्दीच्या चौकात पोचलो की गचके खातो. बाकी लॅपटॉप ठणठणीत आहे, म्हणून टाकून द्यायचा जीव होत नाही. नुसतं कार्ड काढून आरटीएक्स ३०६० किंवा ४०६० बसवता येईल का? बजेट नव्या गेमिंग लॅपटॉपच्या किमतीच्या फार तर चौथा हिस्सा. 'नवा घे' एवढं सोडून काहीही सांगा.

गरुडझेप
नवा घे. मी ४०७० वाला घेतला, सगळं अल्ट्रावर पळतं. जुन्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

खवट_आजोबा
पहिलाच प्रतिसाद, आणि जे नको म्हटलंय नेमकं तेच.

पत्रे_उचकट्या
कार्ड बदलता येणार नाही, कारण त्यात 'कार्ड' नाहीच. १६५० ची चिप मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, शेजारी मेमरीच्या चिपाही तशाच चिकटवलेल्या. मागचं झाकण काढून तांब्याच्या नळ्यांखाली बघ, बोर्ड एकच दिसेल. वेगळ्या प्लेटवर स्क्रूने कसलेलं काही दिसलं तरच पुढे बोलू.

खवट_आजोबा
पूर्वी असं नव्हतं. २००४ च्या सुमारास एमएक्सएम नावाचं, काढता-घालता येणारं ग्राफिक्सचं मॉड्यूल आलं, पुढे त्याचे टाइप ए आणि टाइप बी असे दोन आकार होते. मी स्वतः क्लेव्होच्या लॅपटॉपमधलं ८६०एम काढून ९७०एम घातलंय आणि तो लॅपटॉप अजून चालतो. आता सगळ्यांना पातळ लॅपटॉप हवेत. पातळ हवा म्हणून सॉकेट गेलं, रॅम गेली, उद्या बॅटरी पण सोल्डर करतील आणि लोक रांगा लावून घेतील.

अर्धवट_योगी
आजोबा, मला ऑनलाइन एक एमएक्सएम १०६० दिसतंय, सेकंडहँड. घेऊ का?

पत्रे_उचकट्या
बसवणार कुठे? तुझ्या बोर्डावर ती खाच नाही. आणि असती तरी हीटसिंकची भोकं जुळायला हवीत, बायॉसने (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमने) ते कार्ड ओळखायला हवं, चार्जरने तेवढे वॉट द्यायला हवेत. आजोबांचं जमलं, ज्यांचं जमलं नाही ते असे किस्से सांगत नाहीत.

खवट_आजोबा
जमलं नाही, जमवलं. व्हीबायॉस, म्हणजे कार्डाचा बायॉस, मी स्वतः नव्याने भरला होता.

कळफलक
मला एका दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं की तो जुनी चिप उपटून मोठी चिप लावून देतो. करून बघायला हरकत नाही.

पत्रे_उचकट्या
हरकत आहे. त्या बोर्डावरची वीजपुरवठ्याची सगळी रचना १६५० च्या हिशेबाने केलेली असते, म्हणजे साधारण ५० वॉट. मेमरीची बस, म्हणजे डेटाची वाट, १२८ बिटची. लॅपटॉपमधल्या ३०६० ला १९२ बिट लागतात, चिपच्या खालच्या टाक्यांची मांडणीच वेगळी. बिघडलेली चिप काढून तीच चिप परत लावणं हे काम होतं, मोठी लावणं ही थाप आहे.

मीच_तो
पत्रे_उचकट्यांना +१. लॅपटॉपचं कार्ड बदलता येत नाही.

दुपारची_झोप
लॅपटॉपचं कार्ड बदलता येत नाही, असं मी वाचलंय. बाकी जाणकार सांगतीलच.

गरुडझेप
म्हणूनच म्हणतोय, नवा घे. ४०७०.

सेटिंगवाला
दादा, तुमचं ४०७० म्हणजे डेस्कटॉपचं ४०७० नव्हे हे माहीत असेलच. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४६०८ कुडा कोअर (चिपमधले हिशेब करणारे छोटे भाग) आणि ८ जीबी मेमरी, डेस्कटॉपच्यात ५८८८ कोअर आणि १२ जीबी. नाव तेच, माल वेगळा.

गरुडझेप
मला फरक जाणवत नाही.

सेटिंगवाला
दोन्ही शेजारी ठेवले की जाणवेल. आणि लॅपटॉपमध्ये नुसतं नाव बघून भागत नाही, वॉट बघावे लागतात. ४०६० कंपन्या ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कशीही लावतात. पातळ लॅपटॉपातली कमी वॉटची ४०६० आणि जाडजूड लॅपटॉपातली पूर्ण वॉटची, दोन्हींवर स्टिकर एकच. जाहिरातीत वॉटचा आकडा शोधून दाखवा, मिळालाच तर तो सगळ्यात खालच्या बारीक ओळीत असतो. नवा घ्यायला निघालेल्यांनी हे आधी बघावं. धागाकर्त्याला नवा घ्यायचा नाही हे मला माहीत आहे, पण इथे दुसरे लोकही वाचतात.

डेस्कटॉप_जिंदाबाद
गेमिंग लॅपटॉप हाच मुळात चुकीचा प्रकार. डेस्कटॉप बांधा. कार्ड हवं तेव्हा बदला, रॅम बदला, पंखे बदला. माझ्या कॅबिनेटमध्ये तिसरं कार्ड चालू आहे आणि बोर्ड तोच.

कळफलक
डेस्कटॉप पाठीवर टाकून हॉस्टेलवर नेता येतो का?

डेस्कटॉप_जिंदाबाद
हॉस्टेलवर अभ्यास करावा.

निमूट
योगी, कार्डाचा विचार थोडा बाजूला ठेव आणि दोन गोष्टी बघून सांग. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा, तिथे किती स्लॉट वापरात आहेत ते लिहिलेलं असतं. दुसरं, गेम चालू असताना आफ्टरबर्नर या प्रोग्रॅमचे आकडे स्क्रीनवर लाव: जीपीयूचा (ग्राफिक्स चिपचा) वापर, जीपीयूची मेमरी, साधी रॅम, दोन्हींचं तापमान आणि क्लॉक. गचका बसतो त्या क्षणी कोणता आकडा हलतो ते बघ.

डेस्कटॉप_जिंदाबाद
आणि डेस्कटॉपला तापमानाची कटकट नाही हे पण लिहून ठेवा.

खवट_आजोबा
मॉड्यूल बदलता येणारे लॅपटॉप आजही आहेत. फ्रेमवर्कचा १६ इंची घ्या. आधी त्यात रेडिऑन ७७००एस चं मॉड्यूल मिळायचं, २०२५ मध्ये त्याच लॅपटॉपसाठी ५०७० चं जाहीर केलं. मागच्या बाजूने सरकवून बसवायचं, काम संपलं. बघा, करायचं म्हटलं तर करता येतं. बाकीच्यांना करायचंच नाही.

सेटिंगवाला
आजोबा, त्याचं बजेट चौथा हिस्सा आहे. त्यात मॉड्यूलचा खोका येईल फक्त.

खवट_आजोबा
तत्त्वाचं बोलतोय मी.

पारा_चढला
चिपवर पेस्टऐवजी लिक्विड मेटल लाव. माझ्या लॅपटॉपचं तापमान दाणकन खाली आलं, कार्ड बदलल्यासारखंच वाटतं.

पत्रे_उचकट्या
कोणी हे वाचून प्रयोग करू नका. त्यात गॅलियम असतं. ॲल्युमिनियमला लागलं तर धातू खाऊन टाकतं, आणि वीज वाहतं, त्यामुळे थेंब शेजारच्या भागांवर गेला तर बोर्ड संपला. माझ्या टेबलावर असे येतात, हसत कोणी येत नाही. रोज उचलून न्यायच्या वस्तूत तर नकोच. तापल्यावर मऊ होणारे फेज-चेंज पॅड मिळतात, हनीवेलचं पीटीएम७९५० घ्या. वाहून जात नाही, पेस्टसारखं सुकत नाही.

पारा_चढला
माझं काही बिघडलं नाही.

अर्धवट_योगी
निमूट, बघितलं. स्लॉट २ पैकी १ वापरात आहे. गेममध्ये रॅम जवळजवळ भरलेली, जीपीयूची मेमरीही काठोकाठ. सीपीयू ९५ अंशांवर जातो. गचका बसतो तेव्हा जीपीयूचा वापर वर जाण्याऐवजी एकदम खाली येतो. म्हणजे कार्ड रिकामं बसलंय का?

निमूट
हो, त्या क्षणी कार्ड वाट बघत बसलंय. कार्ड कमी पडत असतं तर वापर ९७-९९ टक्क्यांवर चिकटून राहिला असता आणि फ्रेम कमी पण सारख्या आल्या असत्या. तुझं दुखणं दुसरीकडे आहे.

एक पट्टी म्हणजे रॅमची एकच वाट चालू. तशीच दुसरी पट्टी घातली की ड्युअल चॅनेल होतं आणि वाट दुप्पट रुंद होते. १६५० कडे ४ जीबीच मेमरी आहे. ती भरली की उरलेला माल साध्या रॅममध्ये ठेवावा लागतो. ती रॅमही भरलेली, मग विंडोज रॅममधला माल हळू चालणाऱ्या एसएसडीवर टाकायला लागतं, आणि गचका तिथेच बसतो. म्हणून डीडीआर४ २६६६ ची लॅपटॉपवाली ८ जीबीची पट्टी घाल, आहे तशीच. बजेटातला हा सगळ्यात छोटा तुकडा आहे.

टेक्स्चर एक पायरी खाली घे. ४ जीबीच्या कार्डावर पहिली कात्री तिथेच लागते. सावल्या आणि गर्दीची घनता त्यानंतर. एफएसआर (लहान चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारी सोय) चालू कर, त्याला आरटीएक्स लागत नाही.

मग पंखे झाड आणि पेस्ट बदल. थ्रॉटलस्टॉप या प्रोग्रॅमने सीपीयूचं व्होल्टेज थोडं उतरवता आलं तर उत्तम. मात्र २०१९ च्या शेवटी प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची भानगड निघाली, त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी बायॉसच्या अपडेटमधून ती सोय बंद केली. तुझ्यात आकडा बदलतच नसेल तर टर्बोचा वरचा क्लॉक थोडा कमी कर. पंख्याचा आवाजही उतरेल.

मीच_तो
निमूटना +१. रॅम वाढव.

दुपारची_झोप
मी पण हेच सांगणार होतो.

सेटिंगवाला
यात एक सत्य सांगायचं राहतंय. रॅमने गचके जातील, पण १६५० ची ४०६० होणार नाही. आणि काही नव्या गेमना रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढण्याचं) हार्डवेअर असल्याशिवाय सुरूच होता येत नाही. २०२५ चा 'डूम: द डार्क एजेस' तसाच आहे. तिथे रॅमच्या पट्ट्या कितीही घाला.

तारेवरची
मग बाहेरून कार्ड जोडा की. ईजीपीयू. थंडरबोल्टचं पोर्ट आहे का? ४० गिगाबिटची वाट मिळते.

अर्धवट_योगी
थंडरबोल्ट नाही. यूएसबी-सी आहे, पण साधं.

तारेवरची
मग एम.२ ची खाच, जिथे एसएसडी बसते ती. त्यात ॲडॅप्टर लावून ऑक्युलिंकची केबल बाहेर काढायची आणि पुढे डेस्कटॉपचं कार्ड. माझं असंच चालतं. तुझी एसएसडी तिथून निघणार, मग विंडोज २.५ इंची सॅटा एसएसडीवर हलवावं लागेल. वेगळा पॉवर सप्लाय लागेल. मॉनिटर थेट कार्डाला जोड. लॅपटॉपच्या स्क्रीनवर चित्र परत आणलंस तर त्याच अरुंद वाटेने उलटं यावं लागतं, फ्रेम जातात.

पत्रे_उचकट्या
आणि मागचं झाकण कायमचं उघडं, केबल लोंबकळतेय, मांजर घरात असेल तर विचारायलाच नको. शिवाय जुन्या बोर्डांवर विंडोज 'कोड १२' देतं, म्हणजे कार्डाला द्यायला जागा शिल्लक नाही. बायॉसमध्ये त्याचा पर्याय नसला की तासनतास डोकं धरून बसा. मी म्हणेन नको.

निमूट
माझंही नको. चार कोअरचा सीपीयू आहे, मोठं कार्ड लावलंस तर तो मागे पडेल.

गरुडझेप
नको. नवा घे.

डेस्कटॉप_जिंदाबाद
पॉवर सप्लाय वेगळा, कार्ड वेगळं, मॉनिटर वेगळा. म्हणजे डेस्कटॉपच की, फक्त वाईट.

कळफलक
क्लाउड गेमिंगबद्दल कोणीच का बोलत नाही?

डेस्कटॉप_जिंदाबाद
कारण नेट गेलं की गेम गेला. आणि बटण दाबल्यावर माणूस वळायला वेळ घेतो, नेमबाजीचे गेम त्यावर खेळून बघा.

कळफलक
मी कोडी सोडवतो, मला चालतं.

अर्धवट_योगी
सगळ्यांचे आभार, अपडेट देतो. दुसरी ८ जीबीची पट्टी घातली, पंखे साफ केले, पीटीएम लावलं. सायबरपंकमधले गचके बऱ्यापैकी गेले. फ्रेमचा सरासरी आकडा फार वाढला नाही, पण खेळताना अडत नाही. सीपीयू ८० च्या घरात राहतो. व्होल्टेजची सोय बायॉसने बंदच केलेली निघाली, टर्बो खाली घेतला.

आणि एम.२ चा ॲडॅप्टर मागवलाय. सेकंडहँड आरएक्स ६६०० मिळतंय, ८ जीबीचं. मॉनिटर घरात पडून आहे, सॅटा एसएसडी पण आहे. पॉवर सप्लाय धरूनही बजेटात बसतं. पुढे-मागे डेस्कटॉप बांधला तर कार्ड आणि पॉवर सप्लाय तिकडे जातील.

पत्रे_उचकट्या
इतकं सांगून पालथ्या घड्यावर पाणी.

डेस्कटॉप_जिंदाबाद
शेवटचं वाक्य मला आवडलं.

गरुडझेप
म्हणजे नवं कार्ड घेतलंसच ना शेवटी. मी पहिल्यापासून हेच म्हणतोय.

सेटिंगवाला
६६०० मुळात पीसीआयई (कार्ड आणि बोर्डामधली वाट) ४.० च्या आठ लेनचं कार्ड आहे. तुझ्याकडे ३.० च्या चार लेन मिळतील, म्हणजे वाट पाव. मेमरी ८ जीबीच्या आत राहील असं टेक्स्चर ठेव, भरून वाहायला लागली की त्या वाटेची खरी अडचण दिसते.

तारेवरची
शाब्बास. लॅपटॉप सुरू करण्याआधी कार्डाचा पॉवर सप्लाय चालू असू दे, नाहीतर बायॉसला कार्ड दिसत नाही. फास्ट बूट बंद कर. आणि केबल छोटी घे, लांब केबलीने मला फार त्रास दिलाय.

अर्धवट_योगी
पॉवर सप्लाय किती वॉटचा पुरेल?

तारेवरची
कार्ड १३२ वॉटचं आहे, बरा ४५० वाला पुष्कळ झाला. ८ पिनची एक तार त्यात असली पाहिजे.

निमूट
घ्यायचंच ठरवलं आहेस तर कार्डाचे पैसे देण्याआधी एक कर. तुझ्या मॉडेलच्या कागदपत्रांत एम.२ ची खाच चार लेनची आहे की दोनची, ते बघ. काही लॅपटॉपांत दोनच असतात. ॲडॅप्टर आला की जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये बस इंटरफेसच्या रकान्यात खात्री कर, पण गेम चालू ठेवून. रिकामं असताना तो आकडा खाली पडलेला दिसतो आणि लोक उगाच घाबरून इथे धागा काढतात.