जुन्या रेडिओवरचं नागपूर केंद्र: कोणाले माहिती असन तर सांगा

पऱ्हाटीवाला_दारव्हा
नमस्कार मंडळी. माळ्यावर आजोबाचा रेडिओ सापडला. डायलवर ५४ अन् ६० च्या मधात, ६० च्या जरासा अलीकडे, लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून आहे. आजी म्हणते ते नागपूर, बाकी काटा कुठंच फिरवू देत नव्हते. आता हे केंद्र सुरू कधी झालं, आमच्या दारव्हा तालुक्यापर्यंत (यवतमाळ जिल्हा) दिवसा इतकं साफ कसं यायचं अन् रात्री आवाज लहरत काऊन जायचा, अन् गावात लाइट नव्हती तेव्हा लोकं ऐकत कसे? गावच्या शाळेतल्या पोराइसाठी लिहून ठेवाचं आहे, म्हणून विचारून रायलो.

जुना_श्रोता_आर्वी
भाऊ, लय चांगलं काम हाती घेतलं. लिहून ठेवाच. स्वातंत्र्य भेटलं तेव्हा आपल्या वाट्याले आकाशवाणीचे फक्त सहा केंद्र आले होते, दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ अन् तिरुचिरापल्ली. विदर्भात काहीच नव्हतं. नागपूर केंद्र सुरू झालं १६ जुलै १९४८ ले. तेव्हा माहिती व प्रसारण खातं सरदार पटेलांकडे होतं अन् नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी, म्हणजे इकडे वऱ्हाड मराठी बोलणारं अन् तिकडे जबलपूर-रायपूर हिंदी. पोराइले हे जरूर सांगा, कारण आपण महाराष्ट्रात आलो १९६० ले, त्याच्या कितीतरी आधी हे केंद्र मराठीत बोलत होतं.

लाइटचं म्हणाल तर सुरुवातीचे रेडिओ व्हॉल्व्हचे, बाहेर गच्चीवर तार बांधा, आत मोठी बॅटरी, अन् वरून पोस्टात जाऊन दरवर्षी लायसन काढा. पाटलाच्या वाड्यात नाही तर ग्रामपंचायतीत एखादा असायचा अन् बाकी गाव ओट्यावर बसून ऐकायचं. ट्रान्झिस्टर आला तेव्हा खरा रेडिओ वावरात गेला, सेलवर चालते, खांद्याले अटकवला की झालं.

तारवाला
आवाजाचं मी सांगतो. नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर, म्हणजे लाट ५१२.८ मीटरची, अन् ट्रान्समीटर ३०० किलोवॅटचा. ही मिडियम वेव्ह, तिची लाट दिवसा जमिनीले धरून चालते, अन् फ्रिक्वेन्सी जितकी खालची तितकी ती दूर जाते. ५८५ म्हणजे बँडच्या पार खालच्या टोकाले. एफएमची लाट सरळ रेषेत जाते, टेकडी आडवी आली की संपली, हे तसं नाही.

आता रात्रीचं. वर आभाळात एक थर असते, तो दिवसभर उन्हानं बनून राहते अन् वर गेलेली लाट पिऊन टाकते. दिवस बुडाला की तो विरते, मंग तीच लाट आणखी वरच्या थराले लागून खाली परत येते. तुमच्या दारव्ह्याइतक्या अंतरावर जमिनीवरून आलेली अन् आभाळातून आलेली अशा दोन्ही लाटा एकाच वेळी भेटतात, कधी एकमेकीले जोर देतात कधी मारतात, म्हणून आवाज लहरते. शिट्टी वाजते ती वेगळी, रात्री दूरचे केंद्रं शेजारी येऊन बसतात त्याची.

धानाची_बांधी
आमच्याकडे भंडाऱ्यात जागलीवर रेडिओ पाहिजेच पाहिजे. बाबा माचणावर बसायचे, रेडिओ बांबूले अटकवून, आवाज मोठा, कारण माणसाचा आवाज आला की रानडुक्कर बांधीत उतरत नाही. म्हणून नुसतं गाणं नको, बोलणारा कार्यक्रम पाहिजे! शेतीचा कार्यक्रम लागला की तुडतुड्यासाठी कोणतं औषध, किती पाण्यात, ते बाबा मलेच पाठ करून ठेवायले लावत. खडी गंमत अन् दंडार, म्हणजे आपल्याकडच्या लोकनाट्याचे गाणे लागले की शेजारच्या माचणावरचा काका ओरडून म्हणे, वाढव गा आवाज.

अन् रात्री ठिपका सोडून दुसऱ्या टोकालेही लावून पाहायचे, तिथं १५६६ किलोहर्ट्झ होतं, आकाशवाणीचं नॅशनल चॅनेल. तेही नागपूरहूनच, १००० किलोवॅट! १८ मे १९८८ ले सुरू झालं, रात्रभर चालायचं, युरोपातले हौशी लोकही ते पकडत. २०१८ च्या डिसेंबरात ते बंद करायचा निर्णय झाला. जागलीवाल्याचं कोणी विचारलंच नाही, ह्याचं मले खरंच वाईट वाटते.

पऱ्हाटीवाला_दारव्हा
ताई, जागलीचं वाचून आजी एकदम बोलाले लागली, सारं लिहून घेतलं. सगळ्याइले धन्यवाद. रेडिओ सुरू तर झाला पण नुसती घरघर, अन् बटण फिरवलं की करकर करते. दुरुस्त होईन का?

तारवाला
होते. आधी सेलचा डबा पाहा, जुना सेल फुटून पत्ती हिरवी झाली असन तर बारीक पॉलिश पेपरनं घासा. करकर म्हणजे व्हॉल्यूममध्ये धूळ, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दहा-वीस वेळा फिरवा. आतमध्ये काळी कांडी असन, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली, तिले हात लावताना जपा, तेच एरियल आहे, तार तुटली तर काहीच येणार नाही. घरातले एलईडी बल्ब अन् चार्जर बंद करून, रेडिओ अंगणात नेऊन हळूहळू गोल फिरवा. कांडीचं टोक केंद्राकडे झालं की आवाज पडते, कांडी आडवी झाली की भरते. पहिले दिवसाच पाहा, अकरा-बाराच्या सुमारास. काय येते ते इथं कळवा.