मदत हवी आहे: पाच-सहा जणांचं भजन घरी रेकॉर्ड करायचंय, मल्टिट्रॅक रेकॉर्डर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. मुक्काम सांगली, गावभाग.

आधी झालेली फजिती सांगतो, म्हणजे प्रश्न कळेल. दिवाळीत एका दुकानातून 'आठ ट्रॅक'चा रेकॉर्डर आणला. आठ ट्रॅक म्हणजे आठ माईक, असं मी धरून चाललो आणि दुकानदारानेही मान डोलावली. घरी येऊन खोकं उघडलं, यंत्र उलटंपालटं करून बघितलं, तर माईकची भोकं दोनच! पुस्तिका वाचल्यावर उजेड पडला. एका वेळी दोन ट्रॅक भरायचे, ते कानात ऐकत पुढचे दोन, असं करत आठ. यंत्राचा काही दोष नाही, मीच खोक्यावरचं निम्मं वाचलं. दुकानदाराने परत घेतलं, पण पैसे कापून. असो.

आता मूळ काम. माझे चुलते पंच्याहत्तरीचे आहेत, वारकरी पद्धतीचं भजन म्हणतात. पंचपदी, रूपाचे अभंग, गौळणी, भैरवी, आणि त्यातल्या कितीतरी चाली आता आमच्या भागात दुसऱ्या कुणाच्या तोंडी नाहीत. आजोबांच्या आवाजातल्या कॅसेट होत्या, त्या २०१९ च्या ऑगस्टात महापुरात गेल्या. पाणी उतरल्यावर गच्चीवर वाळत घातल्या, पण फीत फितीला चिकटून बसलेली. तेव्हापासून डोक्यात आहे की काकांचं तरी नीट जपून ठेवायचं.

मोबाईलवर करून बघितलंय. टाळ सगळं खाऊन टाकतात, शब्द ऐकूच येत नाहीत.

ते दोन भोकांचं यंत्र परत करायच्या आधी थर लावूनही बघितले. काकांना म्हटलं, आधी तुम्ही नुसतं पेटीवर म्हणा, पखवाज मागाहून भरू. काका म्हणाले, "मग मी समेवर कुणाकडं बघून येऊ?" तरी माझ्यासाठी म्हटलं एक. दुसऱ्या दिवशी पखवाजवाल्याने हेडफोन लावला आणि तिसऱ्या कडव्यालाच हात थांबवला. भजनात लय चढत जाते, ती चढवतात दोघं मिळून, एकमेकांच्या तोंडाकडं बघून. ठोक्याच्या यंत्रावर ते बसत नाही.

म्हणजे सगळ्यांना एकदमच बसवायला हवं. माझा हिशेब असा: काकांचा गळा १, पेटी १, पखवाजाला २ (शाईचं उजवं तोंड आणि धुमा, म्हणजे कणीक लावलेलं डावं), शिवाय टाळ, तंबोरा आणि मागचे चौघे. बजेट तीस-पस्तीस हजार, माईक सोडून. लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅमचा, आणि चार्जर लावला की स्पीकरमध्ये गुंई आवाज येतो. वीज आमच्याकडं कधीही जाते, त्यामुळं सेलवर चालणारं असेल तर बरं. शिवाय कधी हरिपूरला संगमेश्वराच्या देवळात बसून करायचंही मनात आहे.

यंत्र घेऊ की लॅपटॉपला इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारा डबा)? आणि किती भोकांचं?

प्रतिसाद १

दादा, तुमची फजिती बहुतेकांची होते. खोक्यावरचा मोठा आकडा असतो वाजवायच्या ट्रॅकचा. तुम्हाला बघायचाय तो दुसरा, बारीक अक्षरातला: एका वेळी किती रेकॉर्ड होतात. टास्कॅम डीपी-००८ईएक्स आठ ट्रॅकचा, पण एका वेळी दोन. झूम आर८ चंही तेच. एकटा माणूस गिटार वाजवून त्यावर गाणार असेल तर ही यंत्रं झकास आहेत, १९७९ साली टास्कॅमने कॅसेटवर चालणारा चार ट्रॅकचा पोर्टास्टुडिओ काढला तोच मुळी अशा माणसासाठी. तुमचं काम वेगळं आहे.

एका वेळी आठ हवे असतील तर टास्कॅम डीपी-२४एसडी किंवा झूम आर२०. जुना झूम आर१६ कुठं सेकंडहँड मिळाला तर तोही आठ घेतो आणि सेलवर चालतो, फक्त फँटम पॉवर (यंत्राकडून वायरीतून माईकला जाणारी वीज) दोनच इनपुटांना आहे. कंडेन्सर माईकला ४८ व्होल्ट लागतात, ते जिथून मिळत नाहीत तिथं तो माईक मुका. साध्या डायनॅमिक माईकला त्याची गरज नाही.

प्रतिसाद २

यंत्राच्या नादी लागू नका. चार माईकचा इंटरफेस घ्या, बेरिंजर यूएमसी४०४एचडी सारखा, आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाका. ६० दिवस फुकट वापरता येतं आणि जुन्या लॅपटॉपवरही पळतं. मागाहून आवाज कमीजास्त करायला, खोकला कापायला संगणकाचा मोठा पडदा लागतोच. चार्जरचा गुंई आवाज अर्थिंगचा असणार. रेकॉर्ड करताना चार्जर काढून ठेवा, जातो का बघा. जुना वाडा असेल तर आधी वायरमनला बोलवा, मग माईक घ्या.

प्रतिसाद ३ (मिरजेहून)

राम कृष्ण हरी. मी पखवाज वाजवतो, रेकॉर्डिंगचं थोडंफार करतो.

वरच्या दोघांचं चूक नाही, पण देवळात लॅपटॉप, वायरी, चार्जर हे सगळं घेऊन बसलात की काका पहिल्या अभंगालाच आखडतील. तुमच्या कामाला झूम एच६ बघा. आडवं मोठं मशीन नाही, हातात मावतं. चार माईक बाहेरून लागतात, चारींना फँटम पॉवर आहे, आणि डोक्यावर जोडमाईक असतो तो धरून सहा ट्रॅक एकदम. चार पेन्सिल सेलवर चालतं. उद्या घरी इंटरफेस म्हणून लॅपटॉपलाही लागतं, म्हणजे दुसऱ्या प्रतिसादातलं रीपरही वापरता येईल.

मांडणी सांगतो. चार वायरी गळा, पेटी, शाई, धुमा यांना. टाळ आणि मागचे चौघे यांना वेगळा माईक देऊच नका, ते डोक्यावरच्या जोडमाईकला आपोआप मिळतात. टाळकऱ्यांना काकांच्या समोर बसवा. गळ्याच्या माईकची पाठ टाळांकडं आली पाहिजे, तो माईक पाठीमागचं कमी ऐकतो. हे एवढं केलंत तरी शब्द मोकळे होतील. तंबोरा काकांच्या कानाजवळ ठेवा, त्याला ट्रॅक कशाला? आणि जवारी, म्हणजे तारांची घुमती झणक, नीट लावून घ्या आधी. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, कारागीर तुमच्यापासून पाऊण तासावर पण नाहीत, या एकदा घेऊन.

आता पखवाजाचं. पंखा बंद ठेवालच, आवाज येतो म्हणून. त्याचा आणखी एक फायदा, धुम्याची कणीक लवकर वाळत नाही. वाऱ्यावर कणीक सुकली की धुम्याचा आवाज पोकळ होतो आणि दुसऱ्या अभंगाचा धुमा पहिल्याशी जुळत नाही. तरी दर तासाला पाण्याचा हात लावायला सांगा. धुम्याचा माईक वीतभर लांब, आणि पातळी ठरवताना वादकाला 'जरा वाजवा' म्हणू नका, सगळे अर्धाच हात मारतात. शेवटचा गजर वाजवायला लावा, त्यावर पातळीचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. २४ बिटवर केलंत तर आवाज हळू राहिला तरी मागाहून वाढवता येतो, फाटलेला मात्र शिवता येत नाही.

कार्डाची चिंता नको. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर एक ट्रॅक मिनिटाला जेमतेम ८ एमबी खातो. सहा ट्रॅकचे तासाला तीन जीबीच्या आत. ३२ जीबीचं कार्ड एका रात्रीच्या भजनाला पुरून उरतं. रात्रीच दोन ठिकाणी कॉपी करा, आणि त्यातली एक गावभागाच्या बाहेर ठेवा. का ते तुम्हाला सांगायला नको.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, मिरजकर माउलींचे विशेष. एका ओळखीच्या कीर्तनकारांच्या मुलाकडं एच६ होतं, दोन दिवस मागून आणलं. गुरुवारी बसलो. टाळकरी समोर बसवले, पंखा बंद, सगळे घामाघूम. पहिला अभंग धुम्यावर फाटला (अर्धाच हात, बरोबर ओळखलंत), दुसरा ठीक आला. काकांचे शब्द टाळांतून वर आलेत, मोबाईलवर कधी आले नव्हते.

काकांना हेडफोन लावून ऐकवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेटीचा भाता एवढा खडखडतो होय? चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नाही मला."

यंत्र हेच घेणार, ठरलं. आता एवढंच सांगा, भात्याचा आवाज टाळायला पेटीचा माईक कुठं लावू? सध्या बाजूला, भात्याच्याच अंगाला आहे.

प्रतिसाद ३ (मिरजेहून)

तिथून उचला. भात्याकडं माईकची पाठ करून, वरच्या जाळीवर दीड वीत उंच धरा, तोंड पट्ट्यांकडं. आणि खडखड म्हणजे बिजागरी ढिली असणार. तंबोरा घेऊन याल तेव्हा पेटीही आणा.