मांजर, लोणी आणि कूलर

(मनीषनगर, नागपूर; सोसायटीचा ग्रुप, रात्री)

सेक्रेटरी: दुपारी बी विंगच्या तिसऱ्या माळ्यावरून मांजर पार्किंगमधल्या कूलरवर पडलं. मांजर धडधाकट. कूलरची जाळी चेपली. मांजर कोणाचं?

२०४ भाऊ: काहून विचारून रायले जी? पायावर उतरलं ना, विषय संपला.

४०१ सर: पायावर उतरलंच कसं, हा खरा विषय. हवेत धरायला काही नसताना अंग फिरवायचं कशाच्या आधारानं? १८९४ मध्ये फ्रान्सच्या एत्येन-ज्यूल मारे यांनी पडत्या मांजराचे लागोपाठ फोटो काढले, तेव्हा मोठमोठे विद्वान चक्रावले होते. मांजर कमरेत वाकतं, पुढचे पाय आखडून पुढचं धड गर्रकन वळवतं. मागचे पाय पसरलेले, म्हणून मागचं धड उलट दिशेला थोडंच फिरतं. मग तोच खेळ मागच्या धडाचा. एकूण कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, शून्याचा शून्य!

१०२ ताई: सर, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तुमचा मेसेज वाचेपर्यंत 😄

२०४ भाऊ: ब्रेड मात्र नेहमी लोण्याच्या बाजूनंच पडते. मांजराच्या पाठीवर लोणीवाली ब्रेड बांधून सोडलं तर? दोघंही हट्टाला पेटतील, अधांतरी गरगर फिरत रायतील. पट्टा लावा, मे महिन्यात अख्ख्या विंगचे कूलर फुकट!

१०२ ताई: ४५ डिग्रीत लोणी जिन्यातच वितळेल, भाऊ.

४०१ सर: शिवाय ब्रेडचा हट्टबिट्ट काही नाही. टेबलाएवढ्या उंचीत तिची जेमतेम अर्धी गिरकी होते, म्हणून वरची बाजू खाली. गच्चीवरून सोडली तर भरवसा नाही. मांजराचं उलट. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद छापली. सात माळ्यांच्या वरून पडलेल्यांना इजा कमी दिसली. वेग वाढायचा थांबला की मांजर अंग सैल सोडतं, असा त्यांचा तर्क.

२०४ भाऊ: म्हणजे आपल्या बिल्डिंगवर अजून चार माळे चढवा!

३०३ काकू: आणि जी जागीच गेली ती? त्यांना दवाखान्यात कोण नेणार? आकडा जिवंत मांजरांचाच ना!

४०१ सर: काकू, हाच आक्षेप पुढे अनेकांनी घेतला.

२०४ भाऊ: बरं, प्रयोगाला मांजर कोण देते?

३०३ काकू: माझ्या मनीला हात तर लावून पाहा.

सेक्रेटरी: सापडलं! काकू, जाळीचे पैसे उद्या ऑफिसात द्या.

३०३ काकू: देते ना. आधी सांगा, तुमचा कूलर दिवाळीपासून पार्किंगमध्ये कोणाच्या परवानगीनं आहे?

२०४ भाऊ: 🍿